संक्रांतीच्या वाट्या आणि विश्वासकार्ड

४ नोव्हेंबर १९५७, सोमवार

कुमुदला आज पत मिळाली! गुलाबी रंगाची आहे. तळहाताएवढी, जाड पुठ्ठ्याची, चारही कोपरे गोल कापलेले. वर लक्ष्मी, खाली छापील 'सौ.' आणि त्यापुढे शाईनं माझ्या सुनेचं नाव.

रंगरावांच्या भाग्योदय भांडारानं ही नवी टूम काढली आहे – विश्वासकार्ड. दुकानात जायचं, हवं ते उचलायचं, पैशांचं नाव काढायचं नाही. कार्ड दाखवायचं. सात तारखेला कारखान्याचा पगार झाला की भरायचे. कुमुद संध्याकाळभर ते हातात घेऊन घरात हिंडत होती. आधी देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. मग फडताळात. मग पोलक्यात.

"अगं, उधारीच ना ही?" मी म्हटलं.

"उधारी नव्हे हो, आई! उधारी वाण्याकडे असते. हे कार्ड आहे."

बरोबर. वाण्याकडे मान खाली घालून जावं लागतं, इथे वर करून.

कार्डं तीन प्रकारची. हिरवं, गुलाबी आणि सोनेरी काठाचं. सोनेरी फक्त ऑफिसरांच्या बायकांना. आमचा श्रीधर औषधाच्या कारखान्यात केमिस्ट – म्हणजे कुमुदला हिरवं किंवा गुलाबी, आवडेल ते. हिरव्याला वर्गणी नाही. गुलाबीला वर्षाची वर्गणी आहे, शिवाय खरेदीची मर्यादा मोठी. आपल्याला मोठी मर्यादा कशाला लागते, असं मी विचारलं.

"शेजारच्या मंजुळाबाईंचं गुलाबी आहे," कुमुद म्हणाली. थोड्या वेळानं, "आणि हिरवं शेवाळासारखं दिसतं."

अशी निवड झाली.

८ नोव्हेंबर

आज मीच भांडारात जाऊन आले. मुंबई रस्त्यावर, कॉलनीच्या फाटकासमोर. चार वर्षांपूर्वी इथे ज्वारी होती आणि बाभळी. हे चिंचवडला स्टेशन मास्तर होते, तेव्हा आम्ही या बाजूला हुरडा खायला येत होतो. आता काचेची कपाटं! रंगराव मूळचे चाकणचे. कांदेबटाट्याच्या आडतीवर जन्म गेला, पण आता पांढरी टोपी, कोट आणि टेबलावर घंटी.

कपाटात निळा थर्मास होता. काय सुंदर होता! लगेच माझी जुनी सवय जागी झाली. लष्कर भागातल्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा आम्हांला नाताळात बाजार दाखवायला नेत. म्हणत, "आवडलं? छान. आता त्याच्याकडे पाठ कर आणि एक हेल मेरी म्हण. तरी हवंसं वाटलं, तर उद्या ये." मी देशपांड्यांची मुलगी रिबिनीकडे पाठ करून हेल मेरीची प्रार्थना पुटपुटायची. बाबांना कळलं तेव्हा त्यांना वाटलं, पोर बाटली. पोर बाटली नव्हती, रिबिनीचे पैसे वाचले होते.

तर मी थर्मासकडे पाठ केली. ओठ हलवले.

"आक्का, उसण भरली का काय पाठीत?" रंगराव म्हणाले.

नाही म्हटलं, आणि थर्मासची इच्छाही गेली. मग विचारलं, मला मिळेल का कार्ड? नुसतं विचारलं.

रंगराव ओशाळले. "त्याचं असंय आक्का – छापतानाच सौ. छापलंय. सौभाग्यवतींची योजना हाय. मालक कमावता पायजे. तुमच्या बाबतीत मग विश्वास कुणावर ठेवायचा?"

माझ्यावर, असं म्हणायचं होतं. पाव शेर खडीसाखर घेतली. रोख.

येताना कार्डाची मागची बाजू वाचण्यासाठी त्यांच्याकडचं एक कोरं कार्ड मागून आणलं. मागचं अक्षर मुंगीएवढं. उद्या भिंग काढते.

९ नोव्हेंबर

भिंग काढलं. सात तारखेला सगळी बाकी भरली तर जास्त काही नाही. सगळी भरायची नसेल तर दहावा हिस्सा भरला तरी चालतो! उरलेल्या रकमेवर 'सेवा आकार' – रुपयामागे दरमहा तीन नये पैसे.

कुमुदला वाचून दाखवलं. ती हसायला लागली. "तीन नये पैसे? आई, नया पैसा खाली पडला तर भिकारी वाकत नाही!"

हीच तर गंमत आहे. एप्रिलपासून हे नवं नाणं आलं आणि लोकांना त्याची किंमतच लागेना. म्हणून मी हिशेब जुन्या नाण्यात केला. वर्षाला रुपयामागे जवळजवळ सहा आणे होतात. सहा आणे म्हटल्यावर कुमुदचं हसू थांबलं. थोडा वेळ.

"पण आपण सगळेच भरणार ना!" ती म्हणाली. "मग प्रश्नच नाही."

खरं आहे. मग प्रश्न नाही.

२१ नोव्हेंबर

निळा थर्मास घरात आला आहे. त्याच्याबरोबर उशांचे भरतकामाचे अभ्रे, काचेचा लिंबू-सरबताचा सेट आणि बटाटे किसायचं एक जर्मन यंत्र, जे बटाट्याला घाबरतं.

श्रीधरला थर्मास दिसला. म्हणाला, "चहा गार होतो यातला." बाकी काही दिसलं नाही. तो रोज घरी येतो तो काचेच्या नळ्यांतून बाहेर पडतच नाही.

आकुर्डीहून दूध घेऊन येणाऱ्या कुशाबाईनं कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं. "म्हंजी ह्या पुठ्ठ्यावर समदं मिळतं? मलाबी एक काढून द्या की, आक्का. म्हशीची पेंड आणीन."

"ते सुपरवायझरांना आणि ऑफिसरांना असतं गं," कुमुद म्हणाली.

"माज्या म्हशीच्या हाताखाली चार माणसं हायती," कुशाबाई म्हणाली. "ती काय सुपरवायझर न्हाई व्हय?"

७ डिसेंबर, शनिवार

पगाराचा दिवस. कुमुद पैसे घेऊन भांडारात गेली. मीही बरोबर गेले, शेवयांचं निमित्त करून.

कुमुदनं पाकीट उघडलं, मोजायला लागली. रंगरावांनी तिच्या हातावर जवळजवळ हातच ठेवला.

"सगळे कशाला वहिनी? घरचं दुकान हाय. दहावा हिस्सा टाका, बाकी राहू द्या. सणसूद तोंडावर हाय. हाताशी पैसा असलेला बरा."

पुढे मंजुळाबाई उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून कुमुदकडे असं पाहिलं, जणू सगळे पैसे देणारी बाई म्हणजे कोण्या खेड्यातली! "आम्ही नेहमी थोडेच भरतो," त्या म्हणाल्या. "दुकानदारालाही वाटायला हवं ना, आपलं नातं आहे म्हणून."

कुमुदनं पाकीट मिटलं.

वाटेत तीच म्हणाली, "पुढच्या महिन्यात सगळे भरीन हं, आई."

मी शेवया विसरले होते. परत गेले नाही.

१९ डिसेंबर

थंडी. हातमोजे सापडेनात. ह्यांचे वापरते आहे.

२३ डिसेंबर

मंजुळाबाईंनी आज दुपारी ओट्यावर बसून जाहीर केलं – यंदा संक्रांतीचं वाण स्टेनलेस स्टीलची वाटी!

आमच्या रांगेत बारा घरं. प्रत्येक घरी हळदीकुंकू, प्रत्येकीनं प्रत्येकीला वाण द्यायचं. परवापरवापर्यंत वाण म्हणजे काय? फणी. काचेची बांगडी. कुंकवाची डबी. लहानपणी माझी आई बोरं आणि हरभऱ्याचे घाटे ओंजळीनं देत असे, आणि बायका पदरात घेऊन वाटेतच खायच्या. स्टेनलेस स्टीलची वाटी म्हणजे बाहेरदेशचा पत्रा. एका वाटीच्या पैशांत आईनं अख्खं हळदीकुंकू केलं असतं.

"आमचं रंगरावांकडे ठरलंय," मंजुळाबाई म्हणाल्या. "नावसुद्धा घालून देणारेत. फुकट."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचंच ठरलं होतं. वाटी देणारीला मी फणी देऊ? – असं प्रत्येकीनं प्रत्येकीला विचारलं, आणि प्रत्येकीनं उत्तरही तेच दिलं.

कुमुदनं मला विचारलं, "आई, तुम्हांला काय वाटतं?"

मी म्हटलं, पाठ कर.

तिला कळलं. तिनं पाठ केली. पण वाट्या आमच्या घरात नव्हत्याच, त्या तिच्या डोक्यात होत्या. डोक्याकडे पाठ करता येत नाही.

१३ जानेवारी १९५८, भोगी

वाट्या आल्या. एक डझन, नाव न घातलेल्या, कागदात गुंडाळलेल्या. एक उघडून पाहिली. माझा चेहरा तिच्यात लांबुळका दिसला, सिस्टर बेनेडिक्टांसारखा.

कुमुद बाजरीची भाकरी थापत होती. हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. सोन्याच्या पाटल्या नव्हत्या.

"पॉलिशला दिल्यात," ती म्हणाली. मी अजून विचारलंही नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

पहिलं हळदीकुंकू आमच्याकडे. मी आतल्या खोलीत. दार अर्धं उघडं, त्यातून सगळं दिसतं. सहा वर्षं झाली, अशा फटींतून मी किती हळदीकुंकवं पाहिली असतील! वाईट वाटायचं ते पहिल्या दोन वर्षी. आता नाटकाला पिटात बसावं तसं बसते, पाय पसरून.

तिळाचे लाडू मीच केले होते. कुमुदनं ताटात मांडले. मंजुळाबाई वाकून हळूच म्हणाल्या – हळू म्हणजे मला ऐकू जाईल इतकंच – "आक्कांच्या हातचे वेगळ्या ताटलीत ठेव हं. खायला काही नाही, पण वाणाजवळ नको. त्यांच्या हाताला लागलेलं वाण होत नाही."

कुमुदचे कान लाल झाले. तिनं ताटली वेगळी केली. पण सगळ्यांत आधी रिकामी झाली ती तीच!

सगळ्या गेल्यावर ती आत आली आणि भिंतीशी बसून रडायला लागली. लाडवांवरून रडते आहे असं वाटून मी म्हटलं, अगं, मला सवय आहे.

लाडवांवरून नव्हतं. पाटल्या पॉलिशला नाहीत. रंगरावांच्या तिजोरीत आहेत.

कार्डाची मर्यादा थर्मास आणि सरबताच्या सेटमध्येच संपली होती, आणि या सात तारखेलाही हिनं दहावा हिस्साच भरला होता. वाट्यांसाठी रंगराव म्हणाले, "जादा मर्यादा देतो वहिनी, फक्त विश्वासाला म्हणून काहीतरी ठेवा." हिनं हातातल्या काढून दिल्या. चार तोळ्यांचा विश्वास, डझनभर वाट्यांसाठी! आणि मुदत रथसप्तमीची. त्यानंतर त्या सोनाराकडे मोडायला जाणार.

त्या पाटल्या ह्यांनी मला केल्या होत्या, पहिली बढती मिळाली तेव्हा. हे गेले त्या दिवशी मी उतरवल्या आणि तीन वर्षांनी, लग्नात, कुमुदच्या हातात घातल्या. मधल्या काळात कुणी घातल्या नाहीत.

"ह्यांना सांगू नका," कुमुद म्हणाली. "ते म्हणतात, आपल्या घराण्यात उधारी नाही."

हे खरं आहे. आपल्या घराण्यात उधारी नाही. श्रीधरचं पानवाल्याकडे असतं त्याला तो 'खातं' म्हणतो.

१६ जानेवारी

माझ्या पोस्टातल्या पैशांना हात लावायचा तर श्रीधरची सही लागते. म्हणजे त्याला सांगणं आलं. आणि समजा मी सोडवून आणल्या – पुढच्या संक्रांतीला काय? पितळेच्या कळशा?

कुमुद जेवत नाही नीट. दूध उतू गेलं आज दोनदा.

१९ जानेवारी

रोज एकदोन घरी हळदीकुंकू. रोज कुमुद एकदोन वाट्या घेऊन येते आणि फडताळात ठेवते. आज मी फटीतून न पाहता नुसता विचार केला, तेव्हा लख्ख दिसलं.

हिनं बारा वाट्या आणल्या. एक देवाजवळ ठेवली, अकरा वाटल्या. अकरा घरांतून अकरा परत येणार. प्रत्येकीचं तसंच! म्हणजे रांगेतल्या सगळ्या वाट्या गावप्रदक्षिणा करून आपापल्या घरी पोचणार. रंगरावांच्याच, एकाच पेटीतल्या, एकाच मापाच्या. कुणाला काही मिळालं नाही, कुणी काही दिलं नाही. मिळाला तो फक्त सेवा आकार – रंगरावांना, रुपयामागे तीन नये पैसे.

आतून इतकं हसू आलं की श्रीधर नळ्यांतून बाहेर आला. "काय झालं आई?"

"वाट्या मोजते आहे."

"कसल्या वाट्या?" तो म्हणाला, आणि परत गेला.

२१ जानेवारी

पुन्हा भिंग. कार्डाच्या मागे, शेवटून दुसरी ओळ – 'न वापरलेला, नाव न घातलेला माल पंधरा दिवसांत आणल्यास परत घेऊन रक्कम खात्यातून वजा केली जाईल.'

रंगरावांनीच छापलं आहे. गिऱ्हाइकाला धीर यावा म्हणून. कुणी परत आणेल असं त्यांना वाटलं नसणार. आपल्या बायका न वापरलेली वस्तू ठेवतच नाहीत आणि ठेवली तर परत देत नाहीत.

भोगीला सगळ्यांनी वाट्या आणल्या. रथसप्तमी रविवारी. बसतंय!

कुमुदला सांगितलं. तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "आई, पण वाण परत करत नाहीत. सौभाग्य परत केल्यासारखं होतं. आणि माझ्या वाट्या तर लोकांकडे गेल्या. माझ्याकडे आहेत त्या त्यांच्या. त्यांना न विचारता?"

मग विचारायचं.

२३ जानेवारी, गुरुवार

दुपारी ओट्यावर सगळ्या जमल्या. आधी कुणी कबूल करेना. मग एकीनं हळूच सांगितलं, माझ्या कुड्या ठेवल्यात. दुसरी म्हणाली, माझी नथ. तिसरीनं नवऱ्याचं मनगटी घड्याळ ठेवलं होतं, आणि तो बिचारा रोज दुसऱ्याला वेळ विचारतो आहे. सगळ्यांचं नातं फार घट्ट निघालं रंगरावांशी.

मी म्हटलं, वाट्या परत करा.

काय हलकल्लोळ! "वाण परत? शिव शिव!" "आक्का, तुमचं कॉन्व्हेंट घरी ठेवा." "रस्त्यात टाकीन, पण परत देणार नाही!" – ही घड्याळवाली.

मंजुळाबाई मधोमध बसल्या होत्या. "शास्त्र म्हणून काही आहे की नाही?"

"आहे ना," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलंत संक्रांतीला. माझ्या हाताला लागलेलं वाण होत नाही."

त्या हातातल्या बांगड्या मागेपुढे करू लागल्या.

"मग आणा सगळ्या वाट्या माझ्या खोलीत. मी एकेक हातात घेते. माझ्या हाताला लागली की ती वाण नाही. नुसती वाटी. नुसती वाटी परत करायला कोणतं शास्त्र आड येतं?"

वाटलं, फार बोलले. मग घड्याळवाली म्हणाली, "तसं पाहिलं तर... खरंच हो, मंजुळाबाई. तुम्हीच म्हणालात. मी शेजारीच होते. लाडू खात होते."

मंजुळाबाईंना 'मी तसं म्हणाले नाही' असं म्हणता येईना, आणि 'तसं काही नसतं' असंही म्हणता येईना. पहिलं म्हणाल्या असत्या तर अकरा साक्षीदार होत्या. दुसरं म्हणाल्या असत्या, तर पुढच्या वर्षी मला बाहेर बसवावं लागलं असतं.

"करा तुम्हांला काय करायचं ते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. पण दार लावलं नाही.

२४ जानेवारी

दिवसभर माझ्या खोलीत रांग! मी पलंगावर बसलेली, समोर घोंगडी. एकेक बाई वाट्या पदराखाली घेऊन येते, कुणी पाहत नाही ना बघते, पुढे ठेवते. मी एक उचलते, खाली ठेवते. उचलते, खाली ठेवते. कॉन्व्हेंटात प्रसाद देताना पाद्री असंच गंभीर तोंड करायचे. मला दोनदा हसू आलं, खोकला म्हणून लपवलं.

एक गंमत – सुरुवातीला सगळ्या लांबून ठेवत होत्या. दुपारपर्यंत हातात द्यायला लागल्या. एकीनं तर हात तसाच धरला आणि सासूबद्दल अर्धा तास सांगितलं.

शेवटी मंजुळाबाई. त्यांच्या स्वतःच्या अकरा वाट्यांवर 'सौ. मंजुळा' असं नाव घातलेलं – म्हणजे घरोघरी त्यांचं नाव जन्मभर राहणार आणि ती वाटी कुणालाच परत करता येणार नाही. लोकांकडून मिळालेल्या मात्र कोऱ्या होत्या. त्या त्यांनी घोंगडीवर ठेवल्या.

"आक्का," म्हणाल्या, "माझ्या बोरमाळेचं कुणाला बोलू नका."

मला बोरमाळेचं माहीतच नव्हतं!

२५ जानेवारी, शनिवार

वाट्या दोन पोत्यांत भरल्या. कुशाबाईनं दुधाच्या घागरी उतरवून एक पोतं डोक्यावर घेतलं, दुसरं टांग्यात. मागे बायकांची मिरवणूक. फाटकावरच्या पहारेकऱ्याला वाटलं, कुणाचं लग्न आहे.

रंगराव गल्ल्यावर. पोतं ओतलं तेव्हा असा आवाज झाला की रस्त्यावरची माणसं आत आली.

"हे काय आक्का?"

"न वापरलेला, नाव न घातलेला माल. पंधरा दिवसांच्या आत."

त्यांनी एक वाटी उचलली, मग बायकांकडे पाहिलं. चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "आवं, हे तर संक्रांतीचं वाण! वाण का कुणी परत देतं? वहिनी, तुम्ही तरी सांगा आक्कांना." हे मंजुळाबाईंना.

मंजुळाबाईंनी पदर सावरला. "ते वाण नाही रंगराव. आक्कांच्या हाताला लागलंय. शास्त्राप्रमाणे नुसती भांडी आहेत."

त्यांनी हे इतक्या ठसक्यात सांगितलं की त्यांना मिठी मारावीशी वाटली.

रंगरावांनी घंटी वाजवली. कुणी आलं नाही. नोकर दारात उभा राहून हसत होता. कुशाबाई पोतं झटकत म्हणाली, "घ्या की, शेट. तुमच्याच ल्येकी माहेरी आल्यात."

दुकानात एवढी माणसं, आणि कार्डावर त्यांचीच छापील ओळ. काय करणार? खात्यातून वजा करत गेले. कुणाच्या कुड्या सुटल्या, कुणाची नथ. बोरमाळेला मंजुळाबाईंची जुनी थकबाकी नडली. ती पगारानंतर. त्यांच्या नावाच्या वाटीपायी आम्हां बाकीच्यांची एकेक कमी भरली. ती आम्ही रोख दिली. कुमुदची मी दिली, खडीसाखरेच्या पैशांतून. पाटल्या एका पुडीत बांधलेल्या होत्या. तिनं तिथेच सोडून पाहिल्या आणि परत पुडी बांधली. घातल्या नाहीत.

थर्मास आणि सेटची बाकी राहिली आहे. तीही सगळी भरायची, दर महिन्याला जमेल तितकी जास्त, आणि तोवर नवं काही नाही – हे ती आपणहून म्हणाली. श्रीधरलाही तिनंच सांगितलं, जेवताना. तो म्हणाला, "पानवाल्याचं मीही मिटवतो." भाजी वाढून घेतली आणि विचारलं, "पण वाट्या कसल्या?"

गुलाबी कार्ड तिनं माझ्या स्वाधीन केलं. वहीत ठेवलं आहे, खूण म्हणून. हवं असेल तेव्हा मागायचं, पण आधी पाठ करायची. हेल मेरी तिला येत नाही. रामरक्षा म्हणते म्हणाली. रामरक्षा चांगली लांब आहे. बरंच वाचेल.

दुकानातून निघताना रंगराव दारापर्यंत आले होते. रागावलेले नव्हते. विचारात होते. "आक्का, एक सुचलंय. गंगाभागीरथींसाठी पांढरं कार्ड काढलं तर? पहिलं तुम्हांला. वर्गणी माफ."

हा माणूस कांदे विकत होता तेव्हाही असाच असणार. साल काढलं की खाली साल.

२६ जानेवारी, रथसप्तमी

शेवटचं हळदीकुंकू, पुन्हा आमच्याच घरी. वाण – बोरं. ओंजळभर.

मी माझ्या फटीशी. कुमुद पुडी घेऊन आत आली, बाहेर बायका बसलेल्या असताना. माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि पाटल्या चढवल्या. मी नको नको म्हणते आहे! "तुमच्या हाताला लागलं की वस्तू नुसती वस्तू होते ना, आई?" ती म्हणाली. "मग आता ह्या तारण नाहीत. नुसत्या पाटल्या."

आणि दार पूर्ण उघडून गेली. बाहेर मंजुळाबाई सरकून बसल्या होत्या, शेजारी जागा करून.

हात वाळलेत. पाटल्या सैल होतात, लिहिताना कागदावर टेकतात.